कुंभकोणमच्या अंगणातले गणित



दिवस उगवायच्या आत अंगण झाडावे, शेणाचा सडा घालावा आणि उंबऱ्यापुढे चार रेघांची का होईना रांगोळी काढावी, हा आपल्याकडच्या मायबहिणींचा पिढ्यानपिढ्यांचा नेम. त्या रांगोळीला कोणी शोभा म्हणते, कोणी शकुन म्हणते. तिला गणित म्हणणारा मात्र क्वचितच भेटतो. तामिळनाडूतल्या कुंभकोणम् या गावी तुम्ही गेलात, आणि तेही धुंधुरमासात गेलात, तर चित्रकला आणि गणित एकाच उंबऱ्यावर मांडी घालून बसलेली तुम्हांला दिसतील. त्या गावची हकिगत आज सांगतो. हकिगत परमुलखातली असली तरी तिचा उपयोग आपल्या घरी आहे, आणि शाळेत जाणारी मुलगी ज्या घरात आहे त्या घरी तर जास्तच आहे.

कावेरीकाठचे गाव

चेन्नईपासून दक्षिणेला सुमारे ३०० किलोमीटरवर, तंजावर जिल्ह्यात, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये कुंभकोणम् वसले आहे. आपल्याकडून जाणाऱ्याने आधी चेन्नई गाठावी आणि तेथून विळुप्पुरम्, मयिलाडुतुरै या मार्गाने तंजावरकडे जाणारी गाडी धरावी. मयिलाडुतुरै मागे पडले की खिडकीच्या दोन्ही अंगांना भाताशिवाय दुसरे काही दिसत नाही. कावेरीच्या गाळाची ही सपाट, चिकण जमीन. डिसेंबरात सांबा हंगामाचे भात निसवून उभे असते. कापणीला आठ-दहा दिवस राहिले की उभ्या भातातच, जमिनीच्या ओलीवर, उडीद किंवा मूग फोकून द्यायचा, अशी इकडची रीत आहे. भात निघते आणि खाली कडधान्य उगवून आलेले असते. नांगरट नाही की वेगळे पाणी नाही. कुंभकोणमच्या जवळच आडुतुरै येथे १९२२ सालापासून भात संशोधन केंद्र आहे. शेतीखात्यातला माणूस या वाटेला लागतो तो बहुधा या केंद्रासाठी, आणि माझे जाणेही त्याच निमित्ताने झाले.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला आपली गादी स्थापली आणि ती १८५५ पर्यंत चालली. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याची बखर सांगणारा भला मोठा मराठी शिलालेख आहे. तो सरफोजीराजांच्या काळात १८०३ साली कोरला गेला. घरात तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे त्या भागात आजही आहेत. अशाच एका घरी माझा मुक्काम होता. त्यामुळे गल्लीतल्या आजीबाईंशी दोन शब्द बोलायला घरचाच दुभाषी मिळाला.

धुंधुरमासाची पहाट

तामिळ लोकांचा मार्गळि महिना म्हणजे आपला धुंधुरमास. डिसेंबरच्या मध्याला लागतो तो संक्रांतीपर्यंत. आपल्याकडे या दिवसांत पहाटे उठून बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी यांचा नैवेद्य दाखवतात. तिकडे देवळांतून गरम पोंगल वाटतात. संक्रांतीच्या आदल्या दिवसाला दोन्हीकडे भोगीच म्हणतात. या महिन्यात तिकडच्या बायका वर्षातल्या सर्वांत मोठ्या रांगोळ्या काढतात. रांगोळीला त्यांचा शब्द आहे कोलम.

पहाटे पाचच्या सुमारास गल्लीत निघावे. प्रत्येक दारापुढे कोणीतरी ओणवे झालेले असते. सडा घातलेल्या ओल्या जमिनीवर आधी ठिपके पडतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून तांदळाचे पीठ सुटते आणि बिनफूटपट्टीचे, बिनदोरीचे ठिपके एका अंतराने पडत जातात. मग रेघ निघते. शेवटी मधोमध शेणाचा लहानसा गोळा ठेवून त्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोचतात. उजाडल्यावर मुंग्या आणि चिमण्या त्या पिठावर येतात. आपल्या दारात जीवजंतूंना दोन कण मिळावेत हाही या पिठामागचा हेतू आहे. ज्या घरी सुतक असते त्या घरापुढे कोलम नसते. कोणी काही न सांगता गल्लीला ते कळते.

ठिपक्यांची मांडणी

आता ठिपक्यांकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहू. ठिपके मांडायच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली सरळ ठिपक्यांची: ठिपक्याखाली ठिपका, ओळीखाली ओळ, जशी फुलीवर टोकलेली कपाशी. दुसरी मधल्या ठिपक्यांची: वरच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेसमोर खालच्या ओळीतला ठिपका. आपल्या रांगोळीच्या पुस्तकांत ‘१५ ते ८, मधले ठिपके’ असे लिहिलेले असते, ती हीच तऱ्हा. मधली ओळ १५ ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली १४, १३ असे करत ८ पर्यंत उतरायचे. सहा बाजूंची आकृती तयार होते.

हे सगळे ठिपके मिळून किती होतात, हे घरातल्या मुलांना विचारून पाहा. ८ पासून १४ पर्यंतची बेरीज ७७. अशा दोन बाजू म्हणजे १५४, आणि मधले १५. एकूण १६९. गंमत अशी की १६९ म्हणजे १३ गुणिले १३. म्हणजे तेवढेच ठिपके सरळ मांडणीत १३ ओळींच्या चौरसातही बरोबर बसतात, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही.

फळबाग लावणाऱ्यांना या दोन तऱ्हा नव्या नाहीत. एकाला आपण चौरस पद्धत म्हणतो, दुसरीला षटकोन पद्धत. झाडाझाडांत ५ मीटर अंतर धरले तर चौरस पद्धतीत हेक्टरी ४०० झाडे बसतात. झाडाझाडांतले अंतर तेच ५ मीटर ठेवून षटकोन पद्धत धरली, तर ओळी ४.३३ मीटरवर येतात आणि हेक्टरी सुमारे ४६० झाडे बसतात. शेकडा १५ झाडे जास्त, आणि एकाही झाडाला शेजाऱ्याची अडचण नाही. मधल्या ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई चिमटीभर पिठात हीच मांडणी करीत असते. तिला विचारा, ती सांगेल की मधल्या ठिपक्यांची रांगोळी भरलेली दिसते, सरळ ठिपक्यांची थोडी विरळ दिसते. तो विरळपणा म्हणजे आपला हेक्टरी साठ झाडांचा फरक.

आणखी एक मांडणी तिकडे फार आवडीची आहे. पहिल्या ओळीत १ ठिपका, मग ३, मग ५, मग ७, आणि पुन्हा ५, ३, १. उभ्या पतंगासारखी आकृती होते. वरच्या चार ओळींची बेरीज करा: १ आणि ३ चार, आणि ५ नऊ, आणि ७ सोळा. सोळा म्हणजे चार चोक. खालच्या तीन ओळी ५, ३ आणि १ मिळून नऊ, म्हणजे तीन त्रिक. दोन्ही मिळून पंचवीस, म्हणजे पाच पंचे. तीन, चार आणि पाच! बागेची आखणी करताना काटकोन काढायला आपण जी दोरी वापरतो, ३ मीटर, ४ मीटर आणि ५ मीटरवर गाठ मारलेली, तिच्यामागचा हिशेब हाच. तीनचा चौरस आणि चारचा चौरस मिळून पाचचा चौरस होतो, म्हणून ती दोरी ताणली की कोपरा गुण्यात येतो. शेताच्या कोपऱ्यावर आणि घराच्या उंबऱ्यावर एकच नियम राबतो आहे.

एका रेघेची गोष्ट

पण कुंभकोणमच्या कोलमचे खरे वेड ठिपक्यांत नाही, रेघेत आहे. तिथल्या एका जातीच्या कोलमला सिक्कु कोलम म्हणतात. सिक्कु म्हणजे गुंता. यात रेघ ठिपक्याला शिवत नाही. दोन शेजारच्या ठिपक्यांच्या बरोबर मधून ती तिरकी जाते, पुढे पुन्हा दोघांच्या मधून जाते, कडेला पोहोचली की शेवटच्या ठिपक्याला वळसा घालते आणि परत फिरते. कॅरमच्या फळीवर सोंगटी कडेला आपटून तशाच तिरक्या चालीने परतते ना, तशीच ही रेघ चालते. असे करता करता प्रत्येक ठिपका चारी बाजूंनी रेघेच्या कुंपणात येतो आणि रेघ निघाली तिथे येऊन मिळते.

यात मोठा मान कशाला, तर हात न उचलता सबंध कोलम एकाच रेघेत पुरे होण्याला. कधी ते होते, कधी होत नाही. तीन ओळी आणि दर ओळीत चार ठिपके असे मांडून काढले तर एका रेघेत काम होते. चार ओळी आणि दर ओळीत चार ठिपके घेतले तर होत नाही. रेघ थोडे फिरून परत येते आणि बरेच ठिपके कोरडे राहतात. मग दुसरी रेघ, तिसरी रेघ, चौथी रेघ. चार रेघा झाल्या म्हणजे चौरस पुरा होतो.

आम्ही उतरलो होतो त्या गल्लीत एक आजीबाई होत्या. शाळा पाचवीपर्यंत झालेली. त्यांना यजमानांनी माझ्या वतीने विचारले, “पाट्टी, चार ओळी आणि सहा-सहा ठिपके घेतले तर किती रेघा लागतील?” पाट्टी म्हणजे आजी. त्यांनी हातातले पीठ तसेच धरून क्षणभर जमिनीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “दोन.” पाच ओळी आणि सात ठिपके? “एक.” सहा आणि सहा? “सहा. पण तसे कोण काढील?” तिन्ही उत्तरे बरोबर होती.

आजींची नात आठवीत होती. तिची आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली की हिला गणित काही जमत नाही, दहावी झाली की पुरे. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. मी तिला एवढेच विचारले की चार आणि सहा यांचा मसावि किती. ती म्हणाली दोन. पाच आणि सात यांचा? एक. सहा आणि सहा यांचा? सहा म्हणता म्हणता तिने आजीकडे पाहिले. आजीने आत्ताच जे आकडे सांगितले होते, तेच तिच्या तोंडून निघाले होते. मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, तिला शाळेत शिकवला होता. आजीला तो शब्द ठाऊक नव्हता. पण ओळी किती आणि ठिपके किती यांचा जो मसावि, तितक्या रेघा लागतात, हा नियम आजीच्या हातात पन्नास वर्षे मुरलेला होता.

असे का होते, हे पाणीपाळीच्या उदाहरणाने चांगले कळते. एका शेतकऱ्याची पाळी दर चार दिवसांनी येते, दुसऱ्याची दर सहा दिवसांनी. आज दोघांची एकदम आली, तर पुन्हा दोघांची एकदम केव्हा येईल? बाराव्या दिवशी, चार आणि सहा यांचा लसावि बारा. कोलमच्या रेघेचेही तसेच आहे. तिला उभ्या अंगाची ये-जा आणि आडव्या अंगाची ये-जा, दोन्ही एकाच वेळी पुऱ्या कराव्या लागतात. तेव्हाच ती निघाल्या जागी पोहोचते. म्हणून एका रेघेच्या वाट्याला लसावि इतक्याच ठिपक्यांचे काम येते. चार ओळी आणि सहा ठिपके म्हणजे एकूण चोवीस ठिपके. एका रेघेने बारांचे काम केले. उरलेल्या बारांसाठी दुसरी रेघ लागणारच. तीन आणि चार घेतले तर लसावि बारा आणि ठिपकेही बारा, म्हणून एकीत काम फत्ते.

आता तुम्ही म्हणाल, चौरस कोलम तर एका रेघेत कधीच होणार नाही. तिथे बायकांनी तोड काढली आहे. दोन वेगळ्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्या एका जागी छेद द्यायचा नाही. दोघींना पाठीला पाठ लावून वळवून द्यायचे. एवढे केले की दोन रेघा जोडल्या जाऊन एक होते. मधला बांध फोडून दोन पाट एकत्र करावेत तसे. चार रेघांच्या कोलममध्ये असे तीन ठिकाणी केले की चौघींची एक रेघ होते. कमीत कमी किती जागी वळवावे लागेल, तर रेघांच्या आकड्यातून एक वजा. शिवाय चारी बाजूंनी कोलम सारखे दिसले पाहिजे, हा डोळ्यांचा हट्ट आहेच. त्या हट्टापायी कुठे जास्त वळणे घ्यायची, कुठे छेद ठेवायचा, हे ठरवण्यात त्या बाईची कला आहे. गणित सांगते काय होईल आणि काय होणार नाही. जे होण्यासारखे आहे त्यातले देखणे कोणते, ते हात ठरवतो.

या कामाची दखल पंडितांनीही घेतली आहे. चेन्नईजवळ तांबरम् येथे मद्रास ख्रिश्चन कॉलेज आहे. तेथील गिफ्ट सिरोमनी आणि रानी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली कोलमवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. भाषेला जसे व्याकरण असते तसे चित्रालाही असते, थोड्याशा नियमांतून हजारो कोलम उभे राहतात, हा विचार त्यांनी मांडला. संगणकाला चित्र कसे समजावे या शास्त्रात तो निबंध मोलाचा ठरला. ज्या विद्येवर देशोदेशीचे विद्वान लिहितात, ती गल्लीतल्या बायका पहाटे पाचला जमिनीवर मांडतात आणि दुपारपर्यंत ती माणसांच्या पायांखाली पुसून जाते.

झावळीची पट्टी

रेघेसारखाच हिशेब मूर्तीतही पाहायचा असेल तर कुंभकोणमपासून जवळच स्वामिमलै या गावी जावे. तेथे पंचधातूच्या देवमूर्ती ओतणारी घराणी आहेत. आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप देतात, मग तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती होते.

या कारागिरांचे मोजमाप पाहण्यासारखे आहे. नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून घेतात आणि तिला घड्या घालतात. या घड्या म्हणजेच त्यांची फूटपट्टी. शास्त्राप्रमाणे चेहऱ्याची उंची हे माप धरायचे, त्याला ताल म्हणतात, आणि तालाचे बारा भाग म्हणजे बारा अंगुळे. नवताल मूर्ती नऊ तालांची, म्हणजे १०८ अंगुळांची. मोठ्या देवांच्या मूर्तीला उत्तम दशताल हे माप सांगितले आहे. त्यात उंचीचे १२४ भाग पडतात. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, फूट आणि इंच बदलतात, वाटे तेच राहतात. कापलेली पट्टी बदलली की सगळे अवयव आपोआप त्या प्रमाणात येतात. बटाईच्या शेतात पीक दहा पोती आले काय किंवा शंभर आले काय, वाटा ठरलेला असतो, तसेच हे. देवाच्या चेहऱ्यावर जी शांती दिसते तिच्यामागे झावळीची घडी मोजणारा हात आहे.

सारंगपाणी देवळाची गल्ली

कुंभकोणमला जाऊन एक घर पाहिल्याशिवाय परतू नये. सारंगपाणीचे देऊळ तेथे प्रसिद्ध आहे. त्याचे अकरा मजली गोपुर लांबून दिसते. त्या गोपुरासमोरच्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. पुढे ओटा, आत एक छोटी खोली, खिडकीशी एक खाट. श्रीनिवास रामानुजन या घरी वाढले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे आणि शास्त्र विद्यापीठ त्याची देखभाल करते.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोडला, आजोळी झाला. वडील कुंभकोणमला साड्यांच्या दुकानात कारकून होते. घरची ओढगस्त इतकी की कागद परवडत नसे. आकडेमोड पाटीवर करायची, कोपराने पुसायची आणि फक्त उत्तर वहीत उतरवायचे. १९०४ साली गावच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, पण गणितापुढे बाकीच्या विषयांकडे लक्ष राहिले नाही आणि ती गेली. पुढे मद्रासला कारकुनी करीत असताना जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डीसाहेबांना पत्र लिहिले. १९१४ मध्ये ते विलायतेला गेले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि १९२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी वारले. २०१२ पासून आपल्या देशात २२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळतात. तो दिवस धुंधुरमासातच येतो. त्या दिवशी सारंगपाणीच्या गल्लीत पहाटे जे ठिपके पडतात, त्यांच्याइतकी शोभणारी मानवंदना दुसरी कोणती असेल?

रांगोळीमुळे रामानुजन घडले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण त्या घराच्या ओट्यावर बसल्यावर एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पाटीवर मांडलेले आणि कोपराने पुसलेले गणित निदान उत्तरापुरते वहीत उतरले, म्हणून जगाला कळले. त्याच गल्लीत मातीवर मांडलेले गणित कोणी वहीत उतरवले नाही, म्हणून ते गणित आहे हे मांडणाऱ्या बायकांनाही कोणी सांगितले नाही.

आपल्या घरी काय करावे

आता आपल्याकडे वळू. माझे काम गावोगावच्या शेतांत आणि घरांत जाण्याचे. बी-बियाण्याच्या, खताच्या गोष्टी करता करता मुलांच्या शिक्षणाच्या गोष्टी निघतात. मुलाला गणितात कमी गुण पडले तर शिकवणी लावतात. मुलीला कमी पडले तर ‘तिला गणित येत नाही’ असे घर ठरवून टाकते. पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग, बँकेच्या परीक्षा, ही दारे त्या एका वाक्याने तिला बंद होतात. आणि हे वाक्य ज्या उंबऱ्यावर उभे राहून बोलले जाते, त्याच उंबऱ्यापुढे त्या मुलीने सकाळी १६९ ठिपके न चुकता मांडलेले असतात.

म्हणून एक छोटे काम सांगतो. येत्या सणाला मुलीला आणि मुलालाही अंगणात बसवा. खडू, कोळसा, पीठ, काहीही चालेल. आधी दोन ओळी आणि तीन-तीन ठिपके घेऊन गुंत्याची रेघ काढायला सांगा, एकीत होईल. मग दोन ओळी आणि चार-चार ठिपके घ्या. दोन रेघा लागतील. मग तीन आणि चार, तीन आणि सहा, चार आणि सहा असे वाढवत जा. प्रत्येक वेळी काढण्याआधी विचारा, किती रेघा लागतील? उत्तर वहीत लिहायला लावा आणि मग काढून ताळा पाहा. चार-सहा वेळा ताळा जमला की मसावि हा पुस्तकातला शब्द राहणार नाही. नंतर चारच्या चौरसाच्या चार रेघा तीन वळणांत एक करून दाखवायला सांगा. घरात आजी असेल तर तिलाही बोलवा. ती शब्द वेगळे वापरील, पण मुलांना वाट तीच दाखवील.

दुसरी गोष्ट. आता बाजारात रांगोळीचे छापे, चाळण्या आणि चिकटवायच्या तयार रांगोळ्या आल्या आहेत. कुंभकोणमच्या दुकानांतही त्या टांगलेल्या दिसतात. शेतात सुगी चालू असताना, माणूस कमी असताना कोणी छापा मारला तर तिला नावे ठेवू नयेत. बाईच्या कामाचे तास आपण पुरुषांनी मोजलेले नाहीत. पण छाप्यात ठिपके मोजावे लागत नाहीत आणि रेघ कुठे जाईल याचा विचार करावा लागत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी हाताने ठिपके पडू द्यावेत. त्या दिवशी सड्याचे पाणी घरातल्या कर्त्या पुरुषाने आणून दिले तर तेवढा वेळ निघतो.

त्या आठवीतल्या मुलीने आम्ही निघायच्या दिवशी आपली वही आणून दाखवली. डाव्या बाजूला ओळी, मध्ये ठिपके आणि उजव्या बाजूला रेघा, असे वीस-पंचवीस जोड तिने तक्त्यात मांडले होते. आईने वही हातात घेऊन नीट पाहिली. काही बोलली नाही, पण वही परत देताना तिने पदराने वरचे पीठ पुसले. आजींनी मला शेवटचे विचारले ते एवढेच, “तुमच्याकडे किती ठिपक्यांची काढतात?” पंधरा ते आठ, असे मी सांगितले. त्यांनी बोटांवर काही मोजले आणि म्हणाल्या, “मग अंगण मोठे लागत असेल.”

अंगण आपल्याकडे अजून आहे, वाचकहो. मुलीला ‘तुला येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी एकदा तिला त्या अंगणात ठिपके मांडू द्या आणि शेजारी बसून मोजा.